पहिल्या झोक्याची दोरी

सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. बहारीनच्या माहूज भागातल्या एका सहा मजली इमारतीच्या मागच्या बोळात महादेव पाष्टे टँकरचा पाइप ओढत होता. ऑगस्ट महिना, शुक्रवार. हवा इतकी दमट की काम सुरू व्हायच्या आधीच शर्टाची पाठ भिजलेली. त्यानं पाइपाचं तोंड इमारतीच्या टाकीच्या नळीला बसवलं, कड्या आवळल्या आणि पंप सुरू केला. गोडं पाणी वर चढायला लागलं. टाकी भरेपर्यंत आता त्याला काही काम नव्हतं.

एरवी तो या वेळात गायचा. पंपाचा ठेका ढोलकीसारखा पडतो, असं त्याचं म्हणणं. आज तो टँकरच्या पायरीवर गप्प बसून राहिला.

इमारतीचा राखणदार अम्मार चहाचे दोन कप घेऊन आला. त्याच्या खिशातल्या फोनवर गाणं चालू होतं आणि त्या गाण्यातला पुरुषाचा आवाज महादेवचा होता.

“आपका गाना,” अम्मार म्हणाला. “बीवी ने पेशावर से भेजा. उसको मालूम ही नहीं था कि मैं आपको रोज चाय पिलाता हूँ.”

“बंद कर, भाई.”

अम्मारनं आवाज कमी केला. बंद केलं नाही.

महादेव संगमेश्वर तालुक्यातला. बहारीनमध्ये त्याला अकरा वर्षं झाली आणि त्यातली नऊ तो गोड्या पाण्याचा टँकर चालवतो. गावाकडे मात्र त्याची ओळख वेगळी आहे. तिथे तो शाहीर, महादेवबुवा. गोकुळाष्टमीपासून गणपतीपर्यंत कोकणात शक्ती-तुऱ्याचे सामने रंगतात. शक्तिवाले म्हणतात, आधी माया, आधी बाई. तुरेवाले म्हणतात, आधी शिव, आधी पुरुष. दोन शाहीर समोरासमोर उभे राहतात, एकमेकांना टोमणे मारतात, पुराणातले अवघड सवाल टाकतात आणि पायात चाळ बांधलेली पोरं त्यावर फेर धरतात. महादेव शक्तीकडून गायचा. नाव शंकराचं आणि बाजू बाईची, यावर समोरच्या शाहिरानं पहिला टोमणा मारायचा हे ठरलेलंच असे.

बहारीनमध्ये समोरचा शाहीर चंद्रशेखर भुवड. गुहागरचा, नईम भागातल्या एका फर्निचर वर्कशॉपमध्ये फोरमन. तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात दर वर्षी दोघांचा सामना व्हायचा आणि बहुतेक वर्षी चंद्रशेखर जिंकायचा.

गेल्या हिवाळ्यात याच बोळात पंपाच्या ठेक्यावर महादेव गात असताना तिसऱ्या मजल्यावरची विशाखा खाली उतरून आली होती. चोवीस वर्षांची, जन्म बहारीनचाच. ती हॉटेलांत गायची, स्वतःची गाणी इंटरनेटवर टाकायची. मराठी तिला सगळी कळे, बोलताना मात्र अर्धं इंग्रजी.

“काका, प्लीज परत गा ना. ते झोक्याचं.”

महादेवनं परत गायलं.

‘नव्हती धरती, नव्हतं आभाळ, नव्हता दिवस न रात,
पहिल्या झोक्याची दोरी वळणारा कुणाचा हो हात?’

हा शक्तिवाल्यांनी तुरेवाल्यांना टाकायचा सवाल. तुम्ही म्हणता पुरुष आधी, तर तो ज्या झोक्यात निजला त्याची दोरी कोणी वळली? विशाखाला त्यातलं शक्ती-तुरा काही ठाऊक नव्हतं. तिला चाल आवडली. तिनं फोनवर ते टिपलं, पंपाच्या आवाजासकट, आणि मुंबईतल्या अथर्व नावाच्या संगीतकाराला पाठवलं. महिन्याभरात युगुलगीत तयार झालं. ती आधुनिक प्रेमाचं कडवं गायची, मध्येच महादेव तो सवाल टाकायचा आणि खाली टँकरचा पंप धडधडत राहायचा.

बहारीनमधल्याच स्टुडिओत रेकॉर्डिंगच्या दिवशी तिनं विचारलं होतं, “काका, याचं आन्सर पुढच्या कडव्यात येतं का?”

महादेवनं घसा साफ केला. “जवाब गुपित असतो. घराण्याबाहेर सांगत नाहीत.”

ते खोटं होतं. जवाब त्याला माहीत नव्हता.

शक्ती-तुऱ्यात असं चालत नाही. सवाल टाकणाऱ्याच्या गाठीला जवाब असावाच लागतो. समोरच्याला जमलं नाही तर तो सगळ्यांदेखत नारळ ठेवून हार मानतो आणि नारळ ठेवला की सवाल टाकणाऱ्यानं तिथल्या तिथे जवाब द्यायचा असतो. जवाब नसताना सवाल टाकणं ही शाहिराची सगळ्यात मोठी नामुष्की. महादेवला हे वयाच्या चौदाव्या वर्षापासून ठाऊक होतं. पण तो स्टुडिओ होता, तिथे काचेपलीकडे कानाला हेडफोन लावलेली माणसं होती आणि सामना नव्हता. गाणंच तर आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

हा सवाल त्याला त्याच्या गुरूनं, धाकूबुवा रामाणे यांनी, फोनवर दिला होता. जवाब ते फोनवर देत नसत. “सवाल वाऱ्यावर सोडला तरी चालतो. जवाब हातात द्यायचा. तू गावाला ये, नारल घेऊन ये, मग सांगतो.” महादेव दोन वर्षांपूर्वी रजेवर गेला तेव्हा घराच्या स्लॅबचं काम निघालं होतं, मेव्हण्याचं लग्न होतं. धाकूबुवांची वाडी नदीपलीकडे, एसटीनं तासाभराची वाट. पुढच्या खेपेला जाऊ, असं म्हणून तो परत आला. गेल्या माघात धाकूबुवा वारले.

गाणं चाललं. कसं आणि किती, ते महादेवला खोलीतल्या ताहिरकडून कळायचं. ताहिर राजापूरचा, महादेवच्याच कंपनीत क्लार्क, दोघं आठ वर्षं एका खोलीत. परीक्षण आलं की तो पलंगावर मांडी घालून मोठ्यानं वाचायचा, इंग्रजी असलं तर मराठी करून.

“ऐक. इथला पेपरवाला म्हणतो, ‘खेडुताचा खरखरीत आवाज आणि शहरी मुलीचा गुळगुळीत आवाज यांच्यामध्ये एक प्रश्न लोंबकळत राहतो.’ लोंबकळत हा शब्द माझा.”

“खेडूत म्हनला?”

“प्रेमानं म्हणला असेल. हा पुण्याचा बघ. ‘लोककलेला पॉपच्या दुकानात विकायला बसवले आहे, शाहिराने आपला आवाज भाड्याने दिला आहे.’”

“त्येचा राग नाय.”

“आणि ही मुंबईची बाई. ‘या गाण्याचं खरं धाडस त्याच्या न दिलेल्या उत्तरात आहे. गुरूने शिष्याच्या ओंजळीत ठेवलेलं गुपित हा शाहीर बाजारात उघडं करत नाही. अशा मौनाला आपण विसरलो आहोत.’ काय मिया, तू मौन केव्हापासून पाळायला लागलास? खोलीत तर रात्रभर घोरतोस.”

महादेव हसला नाही. पुण्याच्या माणसानं दिलेल्या शिव्या त्याला सहन झाल्या. या बाईचं कौतुक सहन झालं नाही. विशाखानं प्रत्येक मुलाखतीत ती गुपिताची गोष्ट सांगितली होती आणि ज्यांना गाणं आवडलं त्यांनी तीच उचलून धरली होती. त्याची एक थाप आता गाण्याचा अर्थ म्हणून छापून येत होती.

तरीही हे निभावलं असतं. परीक्षणं लिहिणाऱ्यांपैकी कोणी नारळ ठेवणार नव्हतं.

त्याच आठवड्यात बुधवारी संध्याकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चंद्रशेखरचा आवाज आला. नेहमीसारखा संथ, मागे कुठेतरी रंधा चालू असलेला.

“महादेवबुवा, रामराम. तुमचा गाना आयकला. लोक काय काय बोलतात, त्यात मी पडत नाय. मी सवाल आयकला. गुहागरात फोन केलं, लांज्यात केलं, माज्या गुरूच्या भावाला इचारला, त्ये अंथरुनाला खिळल्यात तरी दोन दिस इचार करीत व्हते. कोनाला जमला नाय. मी हारलो. शुक्रवारी चार वाजता वर्कशॉपला सगल्यांनी या, मी नारल ठेवतो. बुवांनी जवाब द्यावा, आमचा भाग्य.”

त्यात टोमणा नव्हता. महादेवनं ते तीनदा ऐकलं, टोमणा सापडावा म्हणून.

गुरुवारी दुपारी त्यानं बुदैया भागातल्या एका व्हिलाबाहेर टँकर उभा करून धाकूबुवांच्या घरी फोन लावला. त्यांची बायको, जिला तो काकी म्हणायचा, फोनवर आली. तिला वाटलं, त्यानं सहज चौकशीला फोन केला.

“काकी, बुवांनी त्या झोक्याच्या सवालाचा जवाब कोनाला सांगितला व्हता काय?”

“न्हाय रं बाबा. त्ये म्हनायचे, त्यो महादेवाचा हाय. म्हादेव येल तवा देईन. मी पन कदी इचारला नाय. तुला दिला नसंल तर कोनाला नाय दिला.” थोडं थांबून ती म्हणाली, “तुजा गाना पोरांनी आयकवला मना. आवाज चांगला लागलाय.”

त्या संध्याकाळी ताहिरनं तोडगा काढला. “ठोकून दे काहीतरी. धाकूबुवा वरून सांगायला येणारेत? तू शाहीर आहेस ना, जोड एखादा जवाब. खलास.”

महादेवनं खरंच जोडला. पहाटेपर्यंत त्याला कडवं सुचलं होतं. मायेनं स्वतःचे मोकळे केस पुढे घेतले, तीन पेड घातले, आणि तीच पहिली दोरी. सत्त्व, रज, तम असे तीन पेड. जवाब शोभणारा होता. त्याला स्वतःला तो इतका आवडला की काही क्षण तो धाकूबुवांचाच असावा असं वाटून गेलं.

शुक्रवारी सकाळच्या त्याच्या दोन खेपा झाल्या. पहाटे अम्मारनं आणलेला चहा त्यानं तसाच ठेवला होता. चार वाजता तो आणि ताहिर नईमच्या वर्कशॉपमध्ये पोहोचले.

मालकानं शुक्रवारी जागा वापरायची परवानगी दिलेली होती. करवतीची यंत्रं कापडानं झाकली होती आणि प्लायवूडच्या थप्पीवर, उपड्या खुर्च्यांवर, जिन्यावर चाळीसेक माणसं बसली होती. ड्रायव्हर, वेल्डर, हॉटेलातले स्वयंपाकी, दोन-तीन कुटुंबं. ताहिर मागे जाऊन बसला. त्याच्या गावात मोहल्ल्यातली पोरं सामन्याला पहिल्या रांगेत असायची, हे तो इथे सगळ्यांना सांगून चुकला होता.

“बुवा आले, गर्दी करू नका, सही मिळल,” कोणीतरी म्हणालं.

“सही कसली, पानी मागा. टँकर भाइर हाय.”

हशा पिकला. महादेवही कसनुसा हसला.

चंद्रशेखर पुढे आला. त्यानं धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. चष्म्याच्या कडांना मात्र भुसा तसाच होता. मधल्या मोकळ्या जागेत पाट मांडलेला होता. त्यावर त्यानं सोललेला, शेंडी राखलेला नारळ ठेवला, वर हळद-कुंकू वाहिलं. मग तो दोन पावलं मागे सरला आणि हात जोडून उभा राहिला. वयानं तो महादेवपेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्याचे तिन्ही कोरसवाले त्याच्या मागे झांजा खाली ठेवून उभे होते. सामन्यात झांजा खाली ठेवणं म्हणजे आमच्याकडून संपलं.

“मी तुरेवाला चंद्रशेखर भुवड, या सवालापुढं हारलो. शक्तिवाल्यांनी जवाब द्यावा.”

महादेवनं डोळे मिटले आणि गायला. केसांचं, तीन पेडांचं, दोरीचं. आवाज चांगला लागला. शेवटच्या ओळीवर ढोलकीवाल्यानं न सांगता थाप दिली आणि वर्कशॉपमध्ये टाळ्या पडल्या. जिन्यावरच्या एका बाईनं डोळ्याला पदर लावला.

चंद्रशेखरनं मान हलवली, एकदा, मग पुन्हा.

“केसांची,” तो म्हणाला. “माज्या डोक्यात कदी आला नसता. समोर व्हता आनि दिसला नाय.” तो वळला आणि माणसांकडे बघून म्हणाला, “याला म्हनतात धाकूबुवा. मानूस गेला तरी हरवून गेला.” मग त्यानं खिशातून फोन काढला. “गुरूचा भाऊ वाट बघत आसंल, त्यांना आता सांगतो. आनि धाकूबुवांच्या घरी पन लावतो, म्हातारीला आयकवू. तिला बरा वाटंल, जवाब मागं राह्यला म्हनून.”

महादेवला काल दुपारचा काकीचा आवाज आठवला. तुला दिला नसेल तर कोणाला नाही दिला.

“थांब,” तो म्हणाला. “लावू नको फोन.”

चंद्रशेखरचा अंगठा फोनवर थांबला.

“जवाब बुवांचा नाय. माजा हाय. काल रात्री जोडला. बुवांनी मना जवाब दिलाच नाय, मी आनायला गेलो नाय.”

काकीला फोन जाणार नसता तर तो बोलला असता का? हा प्रश्न महादेवला तिथेच, त्या क्षणी पडला. उत्तर त्याला माहीत होतं. पकडला जाणार हे दिसलं तेव्हा त्यानं तोंड उघडलं होतं. चाळीस माणसांना ते कळलं नसावं, पण त्याला कळलं होतं.

ढोलकीवाल्यानं ढोलकी पायावरून बाजूला ठेवली. मघाशी टँकरच्या पाण्याची थट्टा करणारा माणूस खाली बघत होता. जिन्यावरच्या बाईनं पदर सोडला आणि मुलाला घेऊन ती उठली.

चंद्रशेखरनं फोन खिशात ठेवला. “मग त्या गान्यात टाकलास कसा?”

“गाना म्हनून टाकला. सामना नव्हता.”

“गुपित हाय म्हनालास. पेपरात आला. मी खरा मानला.” तो रागावलेला दिसत नव्हता, चुकीच्या मापानं लाकूड कापलं गेल्यावर दिसतो तसा दिसत होता. “गुरूचा भाऊ दोन दिस झोपला नाय, महादेवा. त्येला काय सांगू?”

महादेव पाटापासून दोन पावलं मागे सरला.

“जवाब चांगला हाय,” चंद्रशेखर म्हणाला. “तुज्या नावानं गायला असतास तर मी नारल तसाच ठेवला असता.” त्यानं वाकून पाटावरचा नारळ उचलला. नारळ परत घेतला की हार परत घेतली, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पुढचं महादेव स्वतःच बोलला, कारण दुसऱ्या कोणी बोलण्याची वाट बघणं त्याला जड गेलं असतं. त्यांच्या भागातली रीत अशी की जवाबाशिवाय सवाल टाकणाऱ्या शाहिरानं तो मोसम समोरच्याच्या मागे, कोरसमध्ये उभं राहायचं. स्वतःचं गाणं नाही. समोरचा गाईल त्याची शेवटची ओळ ओढायची, झांज वाजवायची. महादेवनं असं उभं राहिलेला एकच माणूस लहानपणी पाहिला होता. त्याचं नाव आज गावात कोणाला आठवत नाही, तो उभा राहिला एवढंच आठवतं.

“यंदा मी तुमच्या मागं,” तो म्हणाला.

“परदेशात रीत लावायची काय?” मागून ताहिर म्हणाला. मित्राला वाट काढून द्यावी म्हणून बोलला असावा.

“नारल परदेशातच ठेवला व्हता,” चंद्रशेखर म्हणाला.

परत येताना सिग्नलला ताहिर म्हणाला, “ठोकून दे मी म्हटलं होतं. माझंही चुकलं.” महादेव म्हणाला, “तू शाहीर नायस.”

माहूजच्या इमारतीखाली त्यानं टँकर थांबवला आणि विशाखाला खाली बोलावलं. रस्त्यावर उभं राहूनच त्यानं तिला सगळं सांगितलं. गुपित नव्हतं, थाप होती, मुलाखतीत तू जे सांगितलंस ते माझ्यामुळे खोटं ठरलं.

ती नीट ऐकत होती. मध्ये एकदा तिनं त्याच्या दंडाला हात लावला.

“काका, तुम्ही एवढं का मनाला लावून घेताय? इट्स अ साँग. लोकांना आवडलंय. मी पोस्ट टाकू का? टाकली तरी, ऑनेस्टली, कुणाला काही फरक पडणार नाही.”

“टाक.”

“ओके. टाकते.” तिनं त्याच्याकडे बघितलं. “पण आन्सर मग खरंच कुणालाच माहीत नाही?”

“नाही.”

“वाव,” ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर त्याला मुंबईच्या त्या बाईचं परीक्षण पुन्हा लिहिलं जाताना दिसलं.

पोस्ट त्याच संध्याकाळी गेली. ताहिरनं प्रतिक्रिया वाचून दाखवल्या नाहीत आणि महादेवनं विचारल्या नाहीत. जेवण झाल्यावर त्यानं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, गेल्या वर्षीच्या सामन्यानंतर कापडात गुंडाळून ठेवलेली झांज काढली, आणि चिंच लावून घासायला बसला.

तुरेवाल्यांची तालीम शनिवारी संध्याकाळी सात वाजता, नईमच्या वर्कशॉपमध्ये असते. कोरसवाल्यांनी पावणेसातला यायचं असतं आणि झांज आपापली आणायची असते.